मदत हवी आहे: फोन गाडीत ठेवून नुसत्या घड्याळावर गाडी उघडते का? (गरब्यासाठी)

दांडियाबाजार:

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलंय, पण एका गोष्टीची खात्री झाल्याशिवाय माझं मन पुढे सरकत नाही, म्हणून विचारते.

नवरात्रात आम्ही सगळे रोज गरब्याला जातो. चनिया-चोळीला खिसा नसतो. त्यामुळे सगळ्यांचे फोन, गाडीची किल्ली, पैसे एका पिशवीत भरतो आणि ती पिशवी घेऊन सासूबाई कडेला बसतात. "मला आता कुठे जमतंय" असं म्हणतात, पण जमतं त्यांना. गरबा कानावर पडला की ओट्यापाशी उभ्या असल्या तरी त्यांचे पाय थांबत नाहीत. यंदा त्यांना रिंगणात उतरवायचंच आहे.

विचार असा आहे की फोन, पैसे सगळं गाडीत ठेवून गाडी बंद करायची आणि किल्ली म्हणून फक्त माझ्या मनगटावरचं घड्याळ. क्रेटा इलेक्ट्रिकला फोन किंवा स्मार्टवॉचची डिजिटल किल्ली चालते असं वाचलं. शोरूमवाले दादा (कोणत्या कंपनीचे ते राहू द्या) म्हणाले, "हो मॅडम, ॲपवरून सगळं होतं." मला ॲप नकोय! मैदानावर हजारो माणसं असतात, तिथे साधा फोन लागत नाही. घड्याळ फोनपासून लांब असलं तरी दार उघडेल का? गाडी सुरू होईल का? माझ्याकडे आयफोन आणि ॲपलचं घड्याळ आहे, ह्यांच्याकडे अँड्रॉइड. दोघांना किल्ली मिळेल का? आणि रात्री घड्याळाचं चार्जिंग संपलं तर?

दसऱ्यापर्यंत थांबता येणार नाही, आणि पितृपक्षात आमच्याकडे गाडी घेणार नाहीत. म्हणजे गणपतीतच काय ते ठरवावं लागेल.

कारेलीबाग:

ताई, शोरूमवाले दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतायत. ॲपमधून दार उघडलं की हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून गाडीतल्या सिमला. दोन्ही टोकांना नेटवर्क लागतं. डिजिटल किल्लीचं तसं नाही. ती घड्याळातल्याच एका सुरक्षित चिपमध्ये असते आणि एनएफसीने थेट दाराच्या हँडलशी बोलते, मेट्रोचं कार्ड टेकवावं तशी. मैदानावर नेटवर्क शून्य असलं तरी फरक पडत नाही, आणि फोन जवळ असण्याचीही गरज नाही.

घड्याळ मात्र त्या ताकदीचं हवं. बाजारात दोन-तीन हजारांत मिळतात त्यांत बहुतेकांना एनएफसीच नसतं. ॲपलमध्ये सिरीज ५ पासून पुढे आणि एसई चालतं. गाडीच्या बाजूनेही त्या घड्याळाला मान्यता हवी, ती मॉडेल आणि व्हेरिएंटप्रमाणे बदलते. बुकिंगआधी तुमच्याच व्हेरिएंटचं नाव घेऊन लेखी विचारा.

टेकवताना घड्याळाची काच हँडलकडे करा, पट्टा नव्हे. अंतर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर चालतं. गरब्याला हातभर कडी-बांगड्या असतील तर त्या दुसऱ्या हातात घाला, धातू मध्ये आला की एनएफसी अडखळतं.

सुरसागर:

तुमच्या बेतात एक खोच आहे, ती कुणी सांगितली नाही. फोन गाडीत ठेवणार म्हणताय, पण त्या फोनमध्येही किल्ली असणार! काही गाड्या ब्लूटूथ आणि यूडब्ल्यूबीवर (किल्ली किती लांब आहे ते ओळखणाऱ्या रेडिओ लहरींवर) चालतात, म्हणजे नुसतं जवळ गेलं तरी दार उघडतं. अशा गाडीला किल्ली आतच आहे असं वाटलं, तर ती कुलूप लावून घ्यायला नकार देऊ शकते. नुसत्या एनएफसीवाल्या गाडीत ती अडचण येत नाही, पण ज्यांत वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर फोन ठेवून गाडी सुरू होते, त्यांत फोन त्या पॅडवर विसरू नका. डिकीत, नजरेआड ठेवा. नेहमीची रिमोट किल्ली तर घरीच राहू दे.

सुरू करण्याचं स्वतः करून बघा. किल्ली ओळखणारा रीडर कुठे चार्जिंगच्या पॅडमध्ये असतो, कुठे दोन सीटमधल्या कन्सोलवर. गाडी ताब्यात घेताना फोन शोरूमच्या टेबलावर ठेवा, फक्त घड्याळाने दार उघडा, गाडी सुरू करा, बंद करा, कुलूप लावा. हे सगळं झाल्यावरच सही करा.

कारेलीबाग:

चार्जिंगचं राहिलं. ॲपलच्या बऱ्याच साध्या घड्याळांना कंपनी साधारण १८ तास सांगते, म्हणजे सकाळी सहाला घातलेलं मध्यरात्री दगा देऊ शकतं. संध्याकाळी तयार होताना तासभर चार्जिंगला लावा. काही गाड्यांबरोबर एनएफसी कार्डही येतं. ते मिळालं तर तुमच्या ह्यांच्या केडियूच्या (गरब्यातल्या पुरुषांच्या अंगरख्याच्या) आतल्या बाजूला छोटा कप्पा शिवून त्यात ठेवा, पातळ असतं, टोचत नाही. घड्याळ हरवलंच तर ॲपलच्या 'फाइंड माय' ॲपमधून 'लॉस्ट मोड' लावला की त्यातली किल्ली थांबते. मालकाच्या फोनवरून घरातल्यांना किल्ली पाठवता येते. आयफोनवरून अँड्रॉइडला जाते का, ते मात्र गाडी आणि समोरचा फोन पाहून ठरतं, तेही लेखी घ्या.

दांडियाबाजार:

दोघांचेही मनापासून आभार. फोन डिकीत, कार्ड केडियूत, बांगड्या उजव्या हातात. आज सासूबाईंना सांगितलं की पिशवी बंद होणार, तर त्यांनी कपाटातला चनिया बाहेर काढून उन्हात टाकला. आता फक्त एवढं सांगा: घामाने भिजलेल्या हातावर घड्याळ आपोआप लॉक होतं असं मैत्रीण म्हणते. लॉक झालेल्या घड्याळाने दार उघडतं का? गरब्यात किंवा पोहताना कुणी हे अनुभवलंय का?