ताप उतरला होता, मग सेप्सिस कसा झाला?

अर्धवटझोप:
बाबा ७२ वर्षांचे, डायबेटिस आहे. चार दिवसांपूर्वी लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, पॅरासिटामॉल दिलं, तिसऱ्या दिवशी ताप गेला, थर्मामीटर तर ९६.४ दाखवत होता म्हणून आम्ही निर्धास्त. रात्री मात्र असंबद्ध बडबडायला लागले, 'गाडी आली का, सामान काढा' असलं काहीतरी, आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल. सकाळी धाप, हातपाय गार, लघवी जवळपास नाहीच. बीपी ८४/५० निघालं आणि थेट आयसीयू. डॉक्टर म्हणाले लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस. पण ताप नसताना कसं? आणि आज अँटिबायोटिक बदललं, म्हणजे आधीचं चुकलं होतं का? तिथे सगळे इतके घाईत असतात की विचारायचं राहूनच जातं.

स्टेथोवाला:
मेडिसिनला आहे म्हणून लिहितो. ताप ही शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते, वय झालं की किंवा डायबेटिस असला की ती कधीकधी उमटतच नाही, उलट ९६.८ च्या खाली उतरलेलं टेंपरेचर हे बरं होण्याचं नाही तर काळजीचं लक्षण असू शकतं. दुसरं म्हणजे सेप्सिस म्हणजे नुसते रक्तात जंतू नव्हेत, जंतूंशी लढताना शरीराची प्रतिक्रियाच भरकटते आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करते. रक्तवाहिन्या सैलावतात, गळतात, बीपी पडतं, मेंदूला आणि किडनीला पुरेसं रक्त पोचत नाही, तुमच्या बाबांची बडबड आणि बंद झालेली लघवी त्यातूनच आली. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि माणूस नेहमीसारखा नाही, या तिन्हीपैकी दोन दिसल्या तर धोका मोठा (एकच दिसली म्हणून सेप्सिस नाहीच असं धरू नका). श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा, आणि त्यांना न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो.

रात्रपाळीसिस्टर:
अँटिबायोटिक बदललं म्हणजे चुकलं असं नाही हो. शॉकमधल्या, म्हणजे बीपी असं पडलेल्या पेशंटला पहिला डोस तासाभरात जायला हवा आणि कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आधी रक्त-लघवी कल्चरला पाठवून अंदाजाने सगळ्या शक्य जंतूंना पुरून उरेल असं औषध सुरू करतात, मग रिपोर्टमध्ये नेमका जंतू कळला की नेमकं औषध. सोबत सलाईन, वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली पहिल्या तीन तासांत, तरीही बीपी धरलं नाही तर रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन. सोनोग्राफी झाली का विचारा. वाटेत खडा अडकून लघवी तुंबली असेल तर ती मोकळी केल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही.

बिनधास्तबंडू:
मी तर मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवतो, जळजळ झाली की दोन दिवस घेतो, एवढी वेळच येत नाही

स्टेथोवाला:
बंडूशेठ, पहिली गोष्ट, त्या गोळ्या उरल्याच कशा? तुमच्या दोन दिवसांत जळजळ दबते, जंतू मरतीलच असं नाही, आणि पुढे कल्चर केलं तर त्यात कधीकधी काही उगवत नाही, मग आम्ही अंधारात तीर मारायचे.

काठावरून_परत:
मी यातून गेलोय, न्यूमोनियातून झालं होतं. बायकोला आधी दिसले ते गुडघ्यांवरचे जाळीसारखे निळसर-जांभळे डाग. घरी आल्यावरही कित्येक महिने जिना चढवत नव्हता, केस गळाले, नावं विसरायचो, आयसीयूची विचित्र स्वप्नं पडायची. होतं असं, हळूहळू कमी होतं, बाबांवर चिडू नका.

अर्धवटझोप:
सोनोग्राफी झाली होती, सिस्टर म्हणतात तसंच निघालं, उजव्या बाजूला खडा. काल रात्री लघवी मोकळी व्हायला किडनीपासून मूत्राशयापर्यंत स्टेंट (बारीक नळी) टाकला. नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी करत आणलंय आणि आज सकाळी बाबांनी चष्मा मागितला!! फक्त लघवीची बाहेरची नळी (कॅथेटर) सारखी ओढतायत, ती किती दिवस ठेवतात?

रात्रपाळीसिस्टर:
चष्मा मागितला हे छान झालं. नळी आत्ता तासातासाची लघवी मोजायला हवीच आहे, पण बीपी स्थिर झालं की रोज राउंडला न लाजता विचारा 'आज काढायची का', कारण जितके जास्त दिवस राहील तितकी नव्या इन्फेक्शनला तीच वाट.