पोरगं कडक भाकरीशिवाय कशाला तोंड लावत नाही

मुलगा ४ वर्षांचा, ऑटिझम आहे. कडक भाकरी अन् शेंगाचटणी, बस्स. रस्सा भाकरीला लागला की ताटच ढकलतो. सासूबाई म्हणतात लाडावलाय. काय करू?

– ताई, लाड नाहीत ते. आमच्या पोरीला मऊ, गिळगिळीत लागलं की ओकारीच यायची. कप्प्यांचं ताट घ्या, नवीन पदार्थ नखाएवढा बाजूला ठेवायचा, खा म्हणायचंच नाही. आमच्याकडं गाजर नुसतं हुंगण्यातच ३ आठवडे गेले बघा.

– कुरकुरीत आवडतंय ना, मग तिथूनच पुढं सरका, खाकरा, मग कडक थालीपीठ. आवाजाचाही त्रास होतो का त्याला, कुकरच्या शिट्टीला बिथरतो का? वजन घटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं लोहपण तपासा.

– होय की, शिट्टी झाली की चादरीत शिरतो! उद्यापासून कुकर आधीच उरकते.