मोटर कंट्रोलरच्या डब्याचा साचा आता बनवायला द्यावा का?

ठिबकवाला_जालना: मोसंबीच्या बागेसाठी ओलावा बघून मोटर चालू-बंद करणारा कंट्रोलर बनवतोय. ईएसपी32 (कंट्रोलरचा मेंदू असलेली वायफायची चिप), सिम800एल (मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल), कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीत खोचायची ओलावा मोजणारी पट्टी). टेबलावर नीट चालतो, पण 5 एचपीच्या थ्री फेज स्टार्टरला जोडला की मोटर बंद होताना कंट्रोलर रीसेट होतो (आपोआप पुन्हा सुरू होतो). डबा पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलाय. पार्टनर इंजेक्शन मोल्डची (प्लास्टिकचे डबे ओतायच्या साच्याची) घाई करतोय. बनवायला द्यावा का?

सर्किट_वाळूज: अजिबात नको. बोर्डच अजून ठरलेलं नाही, डबा कशाच्या मापाचा करणार? सिम800एल फक्त 2जीवर चालतं आणि जिओला 2जी नाहीच. 4जी मॉड्यूल घेतलं की बोर्ड, अँटेना, सगळ्यांची मापं बदलतात.

रीसेटचं कारण आधी वेगळं करा. मेन बंद करून मोटरच्या वायरी सोडवा आणि नुसता कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटर जोडणारा-तोडणारा स्विच) चालू-बंद करून बघा. तरी रीसेट झाला तर त्याच्या कॉइलचा विजेचा झटका आहे. कॉइलला समांतर 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. कॉइल 415 व्होल्टची असेल तर 275 व्होल्टचा एक्स2 (मेन लाइनवर वापरायचा) कपॅसिटर चालणार नाही, जास्त रेटिंगचाच हवा. सिम मॉड्यूल काढल्यावर रीसेट थांबला, तर दोष सप्लायचा. ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं आणि त्याला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात. त्याला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) द्या, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी मॉड्यूलच्या पिनांजवळ.

काळी_माती_परभणी: सेन्सरचं कोणी बोललंच नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. आपली काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सरभोवती हवा शिरते आणि आत ओल असूनही रीडिंग कोरडं येतं, मग मोटर उगाच चालते. माती कालवून सेन्सरभोवती घट्ट दाबा आणि दोन सेन्सर लांब लांब ठेवा. दोघांत मोठा फरक पडला तर मोटर सुरू न करता मेसेज पाठवा. कॅलिब्रेशन (रीडिंग खऱ्या ओलीशी जुळवणं) त्याच शेतातल्या मातीचं करा: ओला नमुना तोला, 105 अंशांवर 24 तास वाळवा, परत तोला, वजनातली घट म्हणजे पाणी. सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, पाणी तिथूनच मुरतं. वायफाय वापरणार असाल तर सेन्सर ईएसपी32 वरच्या एडीसी1 च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या पहिल्या गटाच्या) पिनांवरच घ्या, वायफाय चालू असताना दुसरा गट, एडीसी2, वाचता येत नाही.

डबेवाला_चिकलठाणा: पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात उन्हातल्या बंद डब्याचं काय होईल बघा. पहिल्या 20-30 नगांना तयार आयपी65 (धूळ-पाण्यापासून बंद) डबा घ्या आणि भोकं पाडा. केबल ग्लँड (वायर घट्ट धरून भोक बंद करणारी जोडणी) खालच्या बाजूला ठेवा, न वापरलेली भोकं बुजवा. स्टार्टरच्या पेटीत मुंग्या आणि पाली हमखास शिरतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा बोर्ड न बदलता निघाला की मोल्डचं कोटेशन मागवा.