मराठी पिक्चरचं बॅकग्राउंड म्युझिक मिळालंय, नोकरी सांभाळून जमेल का?

कोथरूडचा_पेटीवाला:
नमस्कार मंडळी. हिंजवडीला आयटीत आहे, घरी कीबोर्ड-लॅपटॉपचा सेटअप. कॉलेजात पुरुषोत्तमच्या एकांकिकांना म्युझिक केलं, नंतर एफटीआयआयच्या पोरांच्या शॉर्टफिल्म्स. आता ओळखीच्या डायरेक्टरने अख्खा पिक्चर दिलाय, गाणी दुसऱ्याची, माझं फक्त बॅकग्राउंड. मुदत दीड महिना. एडिटवर आधीच कुठलंतरी हॉलिवूडचं म्युझिक चढवलंय आणि म्हणतो ‘असंच, पण आपलं’ हवंय. पैसे एकरकमी, वादकांसकट. रात्री आणि शनिवार-रविवार बसून होईल का?

तिसरी_रील:
सुचायचं काम वीकेंडला होतं रे, बाकीचं नाही होत. फोन दुपारी तीनला येतो, तू मीटिंगमध्ये असताना, ‘अरे तो दवाखान्याचा सीन जरासा ट्रिम केलाय’. जरासा म्हणजे १४ फ्रेम्स. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त गेला, आणि दार उघडताना बरोब्बर ठेवलेला तुझा सूर आता माणूस आत येऊन बसायला लागल्यावर वाजणार. बरं तो एकच नाही, त्या रीलमधले पुढचे सगळे तुकडे सरकवायचे.

आधी डायरेक्टरला घेऊन पूर्ण पिक्चर बघ आणि म्युझिक कुठे सुरू कुठे बंद ते टाइमकोडसकट (पडद्यावरची तास-मिनिट-सेकंद-फ्रेमची वेळ) लिही, १एम१, १एम२ अशी नावं दे, म्हणजे पहिली रील, पहिला तुकडा वगैरे. कुठे वाजवायचं नाही हे तिथेच भांडून ठरव. आपल्याकडे नटाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी व्हायोलिनं रडायला लागतात.

‘असंच पण आपलं’चं म्हणशील तर त्यातली ट्यून विसर, टेम्पो बघ. एडिटरने कट त्या ठेक्यावर मारलेले असतात, त्यामुळे ते मिनिटाला ९० ठोक्यांचं असेल आणि तू ७२ ला लिहिलंस तर चांगलं लिहूनही सीन ढिला वाटतो, डायरेक्टरला कारण सांगता येत नाही, तो फक्त ‘मजा नाही आली’ म्हणतो. एकदा ते काढून नुसता सीन दाखवायला लाव. कधीकधी त्यालाच कळतं की इथे काहीच नकोय.

आणि वादकांसकट एकरकमी म्हणजे प्रत्येक सारंगीवाला तुझ्या खिशातून. मग सगळं सॅम्पलवरच होतं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आधी रेकॉर्ड केलेल्या वाद्यांवर. निदान सॅम्पलच्या स्ट्रिंग्जवर एक खरं व्हायोलिन वाजवून घे, कान बऱ्यापैकी फसतो. बदल किती वेळा फुकट आणि लॉकनंतर (एडिट फायनल झाल्यावर) कापाकापी झाली तर किती पैसे, हे लेखी घे. माझा एक शेवटचा हप्ता ‘रिलीज झाल्यावर’ मिळणार होता, तो पिक्चर अजून डब्यात आहे.

मिक्सिंगची_खोली:
वरचं सगळं मान्य, आता आमचं रडगाणं ऐका. कृपया एकच स्टिरिओ फाइल आणू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या फाइल्स, आणि स्ट्रिंग्ज, तालवाद्यं, सोलो वाद्य सगळे स्टेम, म्हणजे प्रत्येक गटाची फाइल, वेगळे. संवादावर बासरी आली तर स्टेम असेल तेव्हा मी फक्त बासरी खाली घेतो, नसेल तर अख्खं म्युझिक मरतं आणि मग कंपोझर येऊन विचारतो माझं काम ऐकूच येत नाही.

अजून एक, तुझ्याकडे जो एडिट येतो त्यात पायलट आवाज असतो, म्हणजे शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज. तुला जिथे भकास वाटतंय तिथे नंतर पाऊस येणार, रिक्षा येणार, भांडी वाजणार. साउंड डिझायनर काय घालणारे ते आधी विचार, नाहीतर दोघं एकाच जागेत मारामारी करता.

फ्रेम रेटही एडिटरला लेखी विचार. २४ आणि २३.९७६ मधे घोळ झाला तर १०० मिनिटांत सहा सेकंद सरकतं. आणि लाइव्ह रेकॉर्डिंग जूनच्या आत उरक. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठच्या स्टुडिओत संध्याकाळी माइक उघडायची सोय नाही, काचा कितीही जाड असोत.

जुना_नारायणपेठी:
नोकरी करून होत नाही हे मला पटत नाही. आनंद मोडक बँक ऑफ महाराष्ट्रात होते आणि त्याच काळात नाटकं-सिनेमे करत होते. पुण्यात ही काही नवी गोष्ट नाही.

करारात रॉयल्टी सोडल्याची ओळ असेल तर घाबरू नकोस. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर, थिएटरमध्ये सिनेमाबरोबर वाजण्याव्यतिरिक्त जो वापर होतो त्यातला कंपोझरचा समान वाटा असा लिहून सोडता येत नाही. आयपीआरएसचं (कंपोझर-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घे आणि कुठला तुकडा किती सेकंद वाजला त्याची क्यू शीट स्वतः भरून दे, दुसरं कोणी तुझ्यासाठी भरणार नाही.

तिसरी_रील:
काका, मोडकांबद्दल आदरच आहे, पण तेव्हा वादक बोलावले, वाजवलं, टेप झाली, विषय संपला. आता फाइल उघडी राहते म्हणून मिक्सच्या आदल्या रात्रीपर्यंत बदल येतात. @पेटीवाला, शेवटच्या दोन आठवड्यांची रजा आत्ताच टाकून ठेव.

कोथरूडचा_पेटीवाला:
थँक्यू सगळ्यांना, रजेचा अर्ज टाकतोय. एडिटरला फोन केला, तो म्हणाला २५ फ्रेम्स. चालेल ना?

मिक्सिंगची_खोली:
थांब. कॅमेरा २५ ला चालवला होता की नुसतं एडिटचं प्रोजेक्ट २५ चं आहे, आणि थिएटरची कॉपी किती वर काढणार, हे तिन्ही विचार. २५ चं २४ ला नेलं तर पिक्चर चार टक्के हळू होतो, तुझे सगळे तुकडे परत बसवावे लागतील. उत्तर येईपर्यंत एक सूरही लिहू नकोस.