मदत हवी आहे: शेजारी देशांची वीज आणि सुरक्षा
नमस्कार. मी फोंड्यात बारावीला राज्यशास्त्र शिकवते. भूतानमधील चुखा (३३६ मेगावॅट) आणि ताला (१०२० मेगावॅट) प्रकल्पांची वीज भारताला मिळते, आणि त्याच भूतानने डिसेंबर २००३ मध्ये उल्फा या आसाममधील फुटीरतावादी संघटनेसारख्या सशस्त्र संघटनांचे आपल्या हद्दीतील तळ लष्करी कारवाईने उठवले, हे फळ्यावर नकाशा काढून सांगत असताना एका मुलीने विचारले, "टीचर, विजेचे करार नसते तरी त्यांनी तळ उठवले असते?" खडू हातातच राहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये बिमस्टेकचे (भारत, भूतान आणि बंगालच्या उपसागराच्या परिसरातील इतर देशांच्या गटाचे) नेते आपल्या गोव्यातच जमले होते, त्यामुळे हा विषय मुलांना दूरचा वाटू नये, अशी माझी तळमळ आहे. बारावीला झेपेल असे मराठी लेखन कोणास ठाऊक असल्यास कृपया सुचवावे. परराष्ट्र सेवेतील किंवा वीज पारेषणातील अनुभवी व्यक्तींचे उत्तर मी वर्गात वाचून दाखवीन.