मालकीच्या रानात अस्वल दाखवायला आमिष ठेवलं तर चालतं का?

मोरणाकाठ
पाटण तालुक्यात घरची सात एकर डोंगरपड आहे, सातबारा आमच्याच नावावर. खाली ओढा, वर करवंदाच्या जाळ्या, दोन जुने उंबर. अस्वलाचा वावर आहे. शेजारच्या वाडीत होमस्टे चालू केलाय. अमेरिकेत खासगी जमिनीवर गाईड काळ्या अस्वलाची शिकार करवतात: ड्रममध्ये खाणं भरायचं, समोर मचाण बांधायचं, गिऱ्हाईक बसवायचं. आपल्याला शिकार करायचीच नाही, फक्त फोटोवाले पाव्हणे बसवायचेत. गूळ, पेंड, मधाचं पोळं असलं काही ठेवलं तर? जमीन आपली, मारत कुणाला नाही, मग अडचण कुठं येते?

कलमवाला
अडचण पहिल्याच पायरीवर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २(१६) काढून वाचा. तिथं शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फास लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हेही आलंय, नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे गुळाची ढेप ठेवलीत की बंदूक नसतानाही कायद्याच्या भाषेत तुम्ही शिकारच करताय. आपलं अस्वल अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कलम ५१ प्रमाणे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार दंड. सातबारा कुणाच्या नावावर आहे याचा इथं काही संबंध नाही. हा कायदा मालकीच्या रानालाही तसाच लागू आहे.

अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी-आजारी असला तरच, आणि तेही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानंच, त्याची शिकार करता येते. पैसे घेऊन शिकार करवणं हा प्रकार आपल्याकडं नाहीच.

उंबरखाली
अमेरिकेचा दाखला देताय म्हणून तिकडचंही नीट सांगतो. तिथल्या मेन (Maine) राज्यात आमिषावरची शिकार ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुरू होते. जमीनमालकाची परवानगी लागते, आमिषाच्या जागी ठेवणाऱ्याचं नाव-पत्ता लावावा लागतो. शिळे डोनट, पाव असं गोड खाणं २०० लिटरच्या ड्रममध्ये भरतात. ड्रम साधारण ८८ सेंटिमीटर उंच असतो, त्याच्याशी ताडून गाईड जनावराचा आकार ठरवतो. तिथंही सगळीकडं हे चालत नाही. कोलोरॅडोनं १९९२, ओरेगॉननं १९९४ आणि वॉशिंग्टननं १९९६ साली मतदान घेऊन आमिष बंद केलं.

पण खरा फरक जनावरात आहे. काळं अस्वल बिचकलं की बहुतेक वेळा पळतं नाहीतर झाडावर चढतं. आपलं अस्वल वाघाच्या रानात वाढलेलं. जवळ अचानक माणूस दिसला तर झाडाकडं न जाता अंगावर येतं आणि डोकं-चेहरा धरतं. एकदा माणसाच्या वासाशी गुळाची गाठ पडली की ते मचाणापाशी थांबत नाही, वाडीतल्या माजघरापर्यंत येतं. तुमचे पाव्हणे रविवारी परत जातील, त्रास शेजाऱ्यांना.

मोरणाकाठ
समजलं, आमिष बाद. मग काहीच न ठेवता बसवलं तर? कुठं बसवायचं? आणि ओढ्यात गुरांसाठी एक टाकी आहे, ती चालते का?

पाणवठा
गुरांची टाकी आधीपासून आहे, राहू द्या. मिठाचा खडा मात्र ठेवू नका. जमीन सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतालच्या भागात) किंवा इको-सेन्सिटिव्ह (निर्बंध असलेल्या) पट्ट्यात येते का ते वनक्षेत्रपालांकडून लेखी घ्या. ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावणार असाल तर तेही त्याच अर्जात घाला.

जागा ठरवायची तर आधी वारुळं बघत फिरा, तेही उन्हं चांगली वर आल्यावर आणि बोलत-बोलत. अस्वल वारुळाला नरसाळ्यासारखं भोक पाडतं, तोंड आत घालून माती फुंकून काढतं आणि वाळवी ओढून घेतं. वरचे मधले दोन दात नसतात, ते त्यासाठीच. भोकाच्या कडा ओल्या आणि वाळवी उघड्यावर धावत असेल तर खोदकाम ताजं. भोक नव्या चिखलानं लिंपून घेतलं असेल तर जनावर केव्हाच पुढं गेलंय. विष्ठेत मेमध्ये करवंदाच्या बिया, जूनच्या तोंडाला जांभळाच्या दिसतात. त्यावरून कुठल्या झाडावर नजर ठेवायची ते कळतं.

लपण, म्हणजे बसायचा आडोसा, वाटेवर नको, उंबराखाली तर नकोच. ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर, ७०-८० मीटर लांब. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणून बसायचं पूर्वेच्या अंगाला. पण सूर्य मावळला की गार हवा ओढ्यानं खाली उतरते. लपण वरच्या अंगाला असेल तर माणसाचा वास सरळ टाकीवर जातो आणि त्या दिवशी मग काही येत नाही. पूर्वेला बसल्यावर मावळतीचा उजेड लेन्सवर येतो ही तक्रार फोटोवाले करणारच. थोडं उत्तरेकडं सरका, वारा सोडू नका.

चारच्या वर माणसं नकोत. साडेचारला आत, अंधार पडायच्या आधी बाहेर, आणि परतीची वाट जाळ्यांतून नको. टॉर्च मारून शोधणं, दगड टाकणं नको, आणि हाकलंत तर वर कलमवाल्यांनी सांगितलेलं कलम परत लागू. अस्वल दिसेलच असं पाव्हण्यांना कबूल करू नका. कबूल केलं की आठवड्यात कुणीतरी गूळ आणतो.

उंबरखाली
वरच्यात एक भर. होमस्टेचं उष्टं, फणसाच्या साली, आंब्याच्या कोयी मागच्या उकिरड्यावर टाकू नका. हेही आमिषच झालं, फक्त न ठरवता. झाकणाचा खड्डा करा, वर रोज मातीचा थर.

पाव्हण्यांना निघताना सांगून ठेवा: समोर आलं तर पाठ फिरवून पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळू मागं सरकायचं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागं, चेहरा जमिनीला. मार्गशीर्ष-पौषात पिल्लं होतात, पुढं कित्येक महिने ती आईच्या पाठीवर असतात. पाठीवर काही हलताना दिसलं की त्या दिवसाचं बसणं तिथंच थांबवा. वनविभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६, लपणात आतून लिहून ठेवा. रेंज कुठल्या दगडावर येते तेही.