इंग्लिशवरून अरबी करून देणारं खात्रीचं माणूस सांगली-मिरज भागात कुणाला माहितीय का?

नमस्कार मंडळी, आमचा तासगावला बेदाण्याचा छोटा धंदा आहे, आत्तापर्यंत माल सौद्यातच जायचा पण आता सौदीतल्या दम्मामचा एक बायर थेट घ्यायला तयार झालाय, आणि त्याचं म्हणणं की पाकिटावर सगळं अरबीत पाहिजे, नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादन आणि एक्स्पायरीची तारीख, मूळ देश, सगळंच. सौदीत तसा नियमच आहे म्हणे. शिवाय तो स्वतः शेड बघायला येणारे. त्याचा मॅनेजर केरळचा, त्याच्याशी हिंदीत भागतं, मालकाला मात्र अरबीशिवाय काही येत नाही.

मिरजेतल्या एका ओळखीच्या मौलानांना विचारलं, सरळ माणूस, म्हणाले किताबातली अरबी येते पण गंधकाची धुरी अन् डिपिंग ऑइल (द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायचं तेल) असलं मी लिहून देणार नाही, तुमचा कंटेनर अडकायचा. पुतण्यानं ॲपमधून काढून प्रिंटरला दिलं तर प्रूफमध्ये अक्षरं सगळी सुटी सुटी, मॅनेजरनं व्हॉट्सॲपवर नुसता हसायचा इमोजी पाठवला.

लिहिणारा आणि सोबत थांबून बोलणारा एकच चालेल का दोन लागतील? आणि रेट शब्दावर असतो का पानावर?

मिरजकर: दोन बघा. लेखी अरबी सगळीकडे एकच, पण बोलायची देशादेशाची वेगळी, इजिप्तची वेगळी आखाताची वेगळी, त्यामुळे शेडवर येणाऱ्याला खलिजी म्हणजे आखाती बोली येते का ते आधी विचारा. आखातात नोकऱ्या करून परतलेले रत्नागिरी साईडला भरपूर सापडतील, बोलायला ते बरे. लेखीसाठी मुंबई विद्यापीठाचा अरबी विभाग किंवा पुण्यात कॅम्पातलं पूना कॉलेज, तिथं चौकशी करा. प्रोझ डॉट कॉम या भाषांतरकारांच्या साइटवर विषय लावून शोधता येतं, फूडवाला आणि मातृभाषा अरबी असलेलाच घ्या.

हळदवाला_सांगली: दादा, अक्षरं सुटी पडली त्यात ॲपचा दोष नाही, डिझाइनवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर अरबी अक्षरं जोडतच नाही. आम्ही भाषांतरवाल्याकडूनच अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे चित्रासारखी पक्की केलेली पीडीएफ घेतो, म्हणजे प्रिंटरला हात लावायला काही उरत नाही. छापायच्या आधी प्रूफ परत त्यालाच दाखवायचं, त्याचे पैसे सुरुवातीलाच ठरवा नायतर नंतर कटकट. रेट शब्दावर, पण लेबल एवढंसं असतं म्हणून बरेच जण मिनिमम चार्ज लावतात. आणि एक, सल्फाइट (गंधकाच्या धुरीनं मालात उतरणारं) किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असलं तर ॲलर्जीसाठी लेबलवर लिहावंच लागतं, धुरी दिलेल्या पिवळ्या मालात ते असणारच, ती ओळ गाळू देऊ नका.

धागाकर्ता: लय उपकार झाले दोघांचे. त्यानं करार पण पाठवलाय, एका बाजूला अरबी एका बाजूला इंग्लिश, तो पण लेबलवाल्याकडूनच तपासून घेऊ का?

मिरजकर: नको हो! त्याला कायद्यातलं कळणारा वेगळा. सौदी कोर्टाचं काम अरबीत चालतं, भांडण झालं तर इंग्लिश बाजू कितीही गोड असून उपयोग नाही. आणि बायरनं सुचवलेला नको, तुमच्या पैशानं तुमचा माणूस लावा, तोवर सही करू नका.